काटा सहावरच: एका नगरपरिषदेचा नेट झिरो ठराव आणि पंपघरातला पुरावा

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेचं हे प्रकरण आहे. गाव, नदी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील पुसले आहेत. आकडे गोल केले आहेत, पण त्यांची आपसांतली प्रमाणं होती तशीच ठेवली आहेत. मी तेव्हा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होतो आणि या कामात सल्लागार म्हणून, खरं तर फुकटचा मदतनीस म्हणून, ओढला गेलो होतो.

राज्य सरकारनं २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पंचमहाभूतांच्या चौकटीत स्थानिक संस्थांनी कामं करायची आणि त्यांना गुण मिळायचे. आमच्या गावातही रोपं लागली, भिंती रंगल्या, दिवे बदलले. त्या वेळचे मुख्याधिकारी मात्र एका प्रश्नाला चिकटून होते: एवढं सगळं करून धूर किती कमी झाला? २०२१ च्या पावसाळ्यात त्यांनी महाविद्यालयाला पत्र दिलं की नगरपरिषदेचा कार्बनचा हिशेब मांडून द्या. दोन शिक्षक, चार विद्यार्थी, आणि प्रवासखर्चापुरते पैसे.

हिशेब पूर्ण व्हायच्या आतच १ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताचं नेट झिरोचं वर्ष जाहीर केलं, २०७०. नेट झिरो म्हणजे जितका कार्बन हवेत सोडायचा तितकाच शोषून घेऊन हिशेब शून्यावर आणायचा. त्या आठवड्यापासून गावात ‘नेट झिरो’ हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू यायला लागला. सदस्यांची मुदत संपायला महिना-दीड महिना उरला होता. जाता जाता एक मोठा ठराव व्हावा असं सगळ्यांच्याच मनात होतं. मसुदा तयार होता: शहर २०३० पर्यंत नेट झिरो करणार, त्यासाठी दहा हजार झाडं लावणार.

अडचण

पहिलं सादरीकरण आपटलं, आणि चूक आमचीच होती. आम्ही संपूर्ण शहराचा गोल आलेख दाखवला: घरगुती वीज, दुचाकी, ट्रक, गॅस सिलिंडर, कचरा, सगळं एकत्र. त्यात वाहनांच्या इंधनाचा आकडा तर जिल्ह्याच्या विक्रीतून लोकसंख्येच्या प्रमाणात कापून घेतलेला. पाच मिनिटं सभागृह शांत होतं. मग पाणीपुरवठा सभापती म्हणाले, “सर, छान आहे. पण यात आमच्या सहीनं हलेल असं काय आहे?”

प्रश्न बिनतोड होता. लोकांच्या मोटारसायकली नगरपरिषदेच्या ठरावानं बंद होत नाहीत. मग आम्ही हिशेबाचे दोन भाग केले, शहराचा वेगळा आणि नगरपरिषदेच्या स्वतःच्या कारभाराचा वेगळा. दुसऱ्या भागात चित्र एकदम स्वच्छ झालं. रस्त्यावरचे दिवे, कार्यालयं, कचऱ्याच्या गाड्यांचं डिझेल ही सगळी मिळून जी वीज आणि जे इंधन जाळतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त वीज एकटं पाणी चढवायला लागत होती. जॅकवेलपासून, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीपासून, शुद्धीकरण केंद्रापर्यंतचे दोन मोठे पंप हेच नगरपरिषदेचं खरं धुरांडं. ते गावाबाहेर नदीकाठी, झाडीत, कुणाला न दिसणारं.

दुसरा मोठा आकडा कचरा डेपोच्या मिथेनचा होता, म्हणजे कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूचा. तो मोठा आहे हे नक्की होतं. किती मोठा, यावर आमच्यातच एकमत नव्हतं.

एक छोटा वाद आधीच मिटवावा लागला होता. पायाभूत वर्ष कुठलं धरायचं? २०२०-२१ ची बिलं हाताशी होती, पण ते टाळेबंदीचं वर्ष. आम्ही मागे जाऊन २०१९-२० ची बिलं लेखा विभागाच्या गठ्ठ्यांतून काढली. दोन दिवस धूळ खाल्ली, पण पुढचे अनेक वाद वाचले.

पंपघर

पंपांचा हिशेब कागदावर सोपा असतो. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला निसर्ग ०.००२७ युनिट मागतो, त्यात सूट नाही. किती मीटर उचललं आणि किती युनिट जाळली हे कळलं की पंप आणि मोटर मिळून किती वीज कामी लावतात ते निघतं. युनिटं बिलावर होती. पाणी किती गेलं ते आम्ही टाकीवर मोजलं. जलवाहिनीवरचा मुख्य मीटर बंद होता, म्हणून केंद्रातल्या टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला, टेप सोडली आणि अर्ध्या तासात पाणी किती चढलं ते पाहिलं. हजार लिटरमागे साधारण ०.५४ युनिट आली.

राहिली उंची. तिच्यासाठी पंपघराची नोंदवही होती. काळ्या पुठ्ठ्याची, तासातासाला भरलेली, सुंदर अक्षरात. दाबाच्या रकान्यात कित्येक महिने एकच आकडा: ६.०. सहा किलोचा दाब म्हणजे पाणी साठ मीटर चढवण्याइतका. त्यावरून कार्यक्षमता निघाली जेमतेम ३० टक्के! विद्यार्थी खूश झाले. पंप भंगारात काढायला यापेक्षा चांगला पुरावा कुठला? नवा पंप ७० टक्क्यांचा बसवला तर हजार लिटरमागे ०.३ युनिटहून जास्त बचत, म्हणजे निम्म्याहून अधिक.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पंपघरात होतो. तेवढ्यात वीज गेली. पंप घुंऽऽ करत थांबला, पाण्याचा आवाज बंद झाला, आणि माझी नजर सहज दाबमापकाकडे गेली. काटा सहावरच.

“मामा, हे काय?” मी ऑपरेटरला विचारलं. पंचविशीपासून पंपघरात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “सर, तो काटा कधीचाच मेलाय. पण रकाना मोकळा सोडला तर साहेब विचारतात.”

त्याच वहीत पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद पडला, लाईट कधी गेली, ग्लँड कधी बदलली, या नोंदी मिनिटाबरहुकूम होत्या. आम्ही त्या वीज मीटरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या, बरोबर जुळल्या. एकाच पानावर, एकाच हातानं, एक रकाना सोन्यासारखा आणि त्याच्या शेजारचा मेलेल्या काट्याचा. आकडेवारीच्या दर्जावर मी वर्गात बरंच बोललो होतो, पण हे पान हाती आल्यावर ते सगळं फिकं वाटलं.

नवा दाबमापक काही शे रुपयांत आला. त्यानं जवळपास नऊ किलो दाखवले. म्हणजे नव्वद मीटर. कार्यक्षमता ३० वरून ४५ टक्क्यांवर गेली आणि अपेक्षित बचत ०.३ वरून ०.२ युनिटवर आली. आमचाच मुद्दा आमच्या हातून दुबळा झाला.

इथे पहिला खरा निर्णय होता. ठरावाची सभा चार दिवसांवर. जुना आकडा कुणी तपासणार नव्हतं, आणि काम तर चांगल्याचंच होतं. आमच्यातल्या एकानं मोकळेपणानं विचारलं की पंप बदलायचाच आहे, मग तीस काय आणि पंचेचाळीस काय? उत्तर नैतिकतेत शोधायची गरज पडली नाही, ते पाइपातच होतं. नदी ते टाकी ही नुसती उंची अठ्ठ्याहत्तर मीटर, वर पाइपातलं घर्षण बारा मीटरचं. वहीतल्या साठ मीटरवर भरवसा ठेवून पंप मागवला असता तर तो पाणी टाकीपर्यंत पोचवूच शकला नसता. नेट झिरोच्या नावानं गाव कोरडं राहिलं असतं.

समोर असलेले पर्याय

सभेपुढे शेवटी चार गोष्टी गेल्या.

झाडांचा पर्याय लोकप्रिय होता आणि त्याला कुणी उघड विरोध करत नाही. वाढलेलं झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड धरतं हा प्रचलित ढोबळ आकडा आम्ही घेतला, आणि तो जाती, पाऊस, वय यांवर खूप बदलतो हेही सांगितलं. मग शेजारी पंप मांडला. दिवसाला दहा लाख लिटर पाण्यामागे २०० युनिट वाचली तर वर्षाला ७३ हजार युनिट. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर ते ५१ टन होतात, म्हणजे अडीच हजार वाढलेली झाडं. आणि गावाला दिवसाला दहा लाख लिटर पुरत नाही, त्याच्या कित्येक पट लागतं. हा तक्ता सभागृहात सगळ्यात जास्त चालला, कारण बिल प्रत्येकानं पाहिलेलं होतं आणि भागाकार मोबाईलवर होत होता. एका नगरसेविकेनं केलाही. मात्र तिनं पुढे विचारलं, “पण सावली कोण देणार, पंप का?” झाडं ठरावात राहिली, फक्त कार्बनच्या रकान्यातून काढून सावलीच्या रकान्यात गेली. मला ते आजही योग्य वाटतं.

सौर प्रकल्पाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण गळका पंप सौर विजेवर चालवायचा म्हणजे फाटक्या पिशवीत जास्त धान्य भरायचं. आधी पंप, मग त्याच्या उरलेल्या गरजेएवढे पॅनेल, असा क्रम आम्ही मांडला. जागाही कमी लागणार होती.

पंपाच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती आणि ती विज्ञानाची नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच खर्च करता येत होता. पंप त्यात बसत होता. दहा हजार झाडांना पैसा शोधावा लागला असता. मुख्याधिकाऱ्यांचं मन कशानं वळलं असं कुणी विचारलं, तर प्रामाणिक उत्तर आहे: निम्मं तक्त्यानं आणि निम्मं लेखाशीर्षानं.

चौथी बाब कचरा डेपोची, आणि तिथे आम्ही घसरलो.

डेपोचं काय झालं

उघड्या डेपोतला मिथेन सहसा कुणी मोजत नाही. तो सूत्रानं काढतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत एक गुणक आहे: ढीग पाच मीटरपेक्षा उथळ असेल तर ०.४, खोल असेल तर ०.८. उथळ ढिगात हवा खेळते, खोल ढिगात कचरा हवेविना कुजतो. आमचा डेपो जमिनीवर माणसाच्या दीडपट उंच दिसत होता, म्हणून विद्यार्थ्यांनी ०.४ धरला. मग सफाई मुकादमांनी सांगितलं की ही पूर्वीची दगडाची खदान आहे, खाली तीन-चार पुरुष कचरा आहे. गुणक दुप्पट, आकडा दुप्पट. खदानीचा नकाशा कुणाकडेच नव्हता.

त्यात भर म्हणून मिथेनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक टन मिथेन सुमारे २८ टनांच्या बरोबरीचा, वीस वर्षांचा धरला तर ८० टनांच्या आसपास. दोन्ही खरे. मिथेन वातावरणात दहा-बारा वर्षंच टिकतो, पण टिकतो तोवर जबर तापवतो. आम्ही अप्रूप वाटून दोन्ही आकडे एकाच पानावर दाखवले. विरोधी बाकावरचे ज्येष्ठ सदस्य उठले: “सर, तुमचा मिथेन २८ का ८०? आणि खड्डा खोल का उथळ? एकदा काय ते ठरवा, मग या.”

सभागृह हसलं. आम्ही बिथरलो आणि आम्हाला शास्त्रीय वाटणारी गोष्ट केली: अनिश्चितता जास्त असल्यानं कचऱ्याचा आकडा ठरावात घेऊ नये असं लेखी सुचवलं. सभेनं ते तत्परतेनं मान्य केलं. ज्याला काहीच करायचं नाही, त्याला अनिश्चितता ही आयती सुटी असते. पुढे अंदाजपत्रक आलं तेव्हा डेपोला एक पैसा नव्हता. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, “तुम्हीच काढायला लावलंत ना?”

मूळ मुद्दा आमच्या लक्षात उशिरा आला. खड्डा खोल असो वा उथळ, गुणक २८ असो वा ८०, करायचं काम एकच होतं: आजपासून ओला कचरा डेपोत जाऊ द्यायचा नाही. आकड्याची खालची टोकाची किंमत घेतली तरी ते काम दुसऱ्या क्रमांकाचं ठरत होतं. आम्ही आकडा ठरवण्यात अडकलो, आणि निर्णयाला तो आकडा लागतच नव्हता.

काय ठरलं आणि काय केलं

२०३० ची तारीख ठरावातून गेली. ती काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तारखेत प्रतिष्ठा होती. आमचा युक्तिवाद साधा होता. देशाचं वर्ष २०७०. दीड अंशाच्या मर्यादेत राहायचं तर जगाचा कार्बन डायऑक्साइड २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर यायला हवा, असं आयपीसीसीचा २०१८ चा अहवाल सांगतो. गावाच्या विजेत कोळसा किती हे गाव ठरवत नाही. मग संपूर्ण शहरासाठी नऊ वर्षांचं वचन कुठल्या बळावर द्यायचं? त्याऐवजी ठरावात लिहिलं गेलं की हजार लिटर पाण्यामागची वीज ०.५४ युनिटवरून ०.४ च्या खाली आणली जाईल आणि दर तिमाहीला आकडा सभेपुढे येईल.

या वाक्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण ते टिकलं. डिसेंबरमध्ये मुदत संपली, प्रशासक आले, काही महिन्यांत मुख्याधिकारीही बदलले. नव्या साहेबांना नेट झिरोत रस नव्हता. फाईल उघडली तेव्हा मात्र त्यांना मोजता येणारा एक आकडा, बिलांच्या झेरॉक्स आणि टाकीवरच्या मोजणीचा पंचनामा सापडला. त्यावर त्यांनी सही केली.

निविदेत एक झगडा झाला. सर्वांत कमी दराची निविदा घ्यायची म्हटलं की पंपाची किंमत पाहिली जाते, आणि पंपाच्या आयुष्यातला मोठा खर्च तर विजेचा. आम्ही अट घातली की पुरवठादारानं जागेवर, आमच्याच टाकीत मोजून, कार्यक्षमता सिद्ध करायची आणि त्याशिवाय अंतिम देयक नाही. लेखापालांना भीती होती की लेखापरीक्षणात ताशेरे येतील. तांत्रिक मान्यतेच्या टिपणीत ती अट आधीच असल्यानं निभावलं. २०२३ च्या उन्हाळ्याआधी पहिला पंप बसला.

काय झालं

मोजणी चांगली आली. हजार लिटरमागे ०.३८ युनिट. ठरावातलं वचन पूर्ण. अपेक्षेइतकी बचत मात्र झाली नाही, कारण नवा पंप तीस टक्के जास्त पाणी ढकलत होता, आणि पाइपातलं घर्षण पाण्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतं. जुनी, आतून क्षार चढलेली वाहिनी. नव्वद मीटरचा भार अठ्ठ्याण्णववर गेला.

मग पहिल्या तिमाहीचं बिल आलं. एकूण युनिटांत घट दहा टक्क्यांच्या आतच. प्रशासकांनी बोलावून घेतलं आणि बिल समोर सरकवलं. एवढा पैसा घातला, टन कुठे आहेत?

टन दोन मैलांवर, शेवटच्या वस्तीत होते. पंप आधी जितके तास चालायचा तितकेच तास चालत होता, कारण व्हॉल्व्हमनचं वेळापत्रक कुणी बदललं नव्हतं. तेवढ्याच वेळात तीस टक्के पाणी जास्त जात होतं. वाहिनीच्या टोकाच्या ज्या वस्तीत नळाला मोटर लावल्याशिवाय हंडा भरत नसे, तिथे दुसऱ्या गल्लीपर्यंत पाणी आपोआप यायला लागलं. तिथल्या किती घरांनी मोटरी लावणं सोडलं ते आम्ही मोजलं नव्हतं. ते मोजायचं असतं हेच सुचलं नव्हतं. ती घरगुती वीज वाचली असेल तर ती आमच्या तक्त्याबाहेर, लोकांच्या बिलांत वाचली.

तास कमी करा, असा एक सल्ला आला. हिशेबानं तो बरोबर होता. आधीइतकंच पाणी द्यायचं तर पंप जवळपास पाऊण वेळच चालवावा लागला असता. प्रशासकांनी तो नाकारला. मीही आग्रह धरला नाही. तहानलेल्या वस्तीचं पाणी तोडून टन मोजायचे हे धोरण ज्याला मांडायचं त्यानं त्या वस्तीत जाऊन मांडावं.

वेगळं काय करता आलं असतं

नव्या पंपाचा विसर्ग, म्हणजे तासाला किती पाणी ढकलायचं तो आकडा, आम्ही जुन्या पंपावरच्या पाटीवरून घेतला. मूळ योजनेत जो होता तोच. गावाला आज किती पाणी हवं, किती गळतं, हे आधी विचारलं असतं तर कदाचित लहान पंप, कमी घर्षण आणि खरी बचत मिळाली असती. गळतीची मोजणी पुढच्या टप्प्यात ठेवली, ती पहिली असायला हवी होती.

ठरावात एकच आकडा होता, हजार लिटरमागची वीज. त्याच्या जोडीला एकूण युनिटं आणि टोकाच्या वस्तीतला दाब हे दोन आकडे हवे होते. मग वाचलेली क्षमता जास्त पाण्यासाठी वापरायची की कमी विजेसाठी, हा निर्णय सभागृहात, उघडपणे झाला असता. प्रत्यक्षात तो व्हॉल्व्हमनच्या जुन्या वेळापत्रकानं घेतला.

डेपोबाबत आकडा वरखाली असला तरी पट्टा म्हणून ठेवायला हवा होता, आणि त्याच्याखाली दोन्ही टोकांना लागू पडणारं काम लिहायला हवं होतं. मिथेनचे दोन गुणक दाखवण्याचा मोह आवरायला हवा होता. शंभर वर्षांचा घ्यायचा, तो का घेतला ते एका ओळीत सांगायचं, पुढे जायचं. ती फाईल आता नव्यानं उघडली आहे. जुना कचरा उपसण्याचा प्रस्ताव स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात गेला आहे. खदानीची खोली शेवटी जेसीबीनं एका कडेला चर खणून पाहिली. चर सहा मीटर गेला तरी तळ लागला नव्हता.

दुसऱ्या पंपाचं अंदाजपत्रक सध्या तांत्रिक मान्यतेसाठी अडकलं आहे. पंपघरातली वही बदलली. नवीन वहीत दाबाच्या रकान्याशेजारी एक अरुंद रकाना आखला आहे, ‘पंप बंद असताना काटा’. मामा रोज सकाळी पंप सुरू करायच्या आधी त्यात शून्य भरतात. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तीन दिवसांचे रकाने कोरे होते. विचारलं, तर म्हणाले, “काटा अडकला होता सर. खोटं शून्य कशाला लिहू?”